उभा मजकूर

"ताट तसंच ठेवून हेरंब उठला."
हे वाक्य मी कधी सोडलं नाही.
बाकीचे खिळे छपाई झाली की
आपापल्या घरात परत जायचे,
क क-च्या, ळ ळ-च्या.
हे तेवढं दोऱ्यानं बांधून
गॅलीच्या कोपऱ्यात उभं.
पुढच्या पुस्तकात लागणारच.

शहापुरात कोरे गल्लीच्या तोंडाला छापखाना,
पत्र्यावर नाव दोन लिप्यांत,
दोन्हीत एकेक चूक.
तिथं हुद्दार मास्तरांच्या एकतीस रहस्यकथा मी जुळवल्या.
चव्वेचाळीस खून,
आणि गुप्तहेर हेरंब किल्लेकर
एकदाही पोटभर जेवला नाही.
नाव गणपतीचं. पोट नाही.
गोकाकच्या धबधब्याखाली प्रेत: ताट तसंच.
निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या बोदातून हात निघाला:
पहिला घास बोटांत, तेवढ्यात फोन.
एकदा तर मांडे होते. मांडे!
दुधात मोडून समोर ठेवलेले,
आणि हा दारात बूट घालतोय.
जुळवता जुळवता मी त्याला बोललो,
अरे, खुनी कुठं पळतोय, दोन घास खा की.
शिसं ऐकत नाही.

"पोट भरलं की डोकं झोपतं,"
असं मास्तरांनी त्याच्या तोंडी घातलेलं.
वाचकांना आवडायचं.
खानापूरच्या एका पोरानं पत्र धाडलं:
मीपण आता परीक्षेला उपाशी बसतो.
मास्तरांनी ते वाचून घडी केलं,
हसले नाहीत.

आता माझा तपास.
इतरांची हस्तलिखितं मी वासावरून ओळखायचो.
जोतिषीबुवांच्या पंचांगावर तुपाचं बोट,
वकिलांच्या आठवणींवर आमटीचा गोल.
मास्तरांची पानं कडेपर्यंत स्वच्छ.
निळी शाई, फार तर चहाचा थेंब.
एकतीस पुस्तकांत हळदीचा ठिपका नाही.
टिळकवाडीहून चालत यायचे, बरोब्बर एकला,
आम्ही डबे उघडले की
बंद पंख्याकडे बघत बसायचे.
"मास्तर, जेवलासा काय?"
"झालं, झालं."
दर वेळी दोनदा.
खरंच जेवलेला माणूस एकदाच म्हणतो.

पुरावा होता.
आरोप कुठल्या तोंडानं ठेवायचा?

मग वैशाखात एकदा, वीज गेलेली,
बैलहोंगलचा बसलिंगप्पा, आमचा मशीनमन,
रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत सहज म्हणाला,
"ऊट आतेन्री, मास्तर?"
त्याच्याकडं हे नमस्कारासारखं विचारतात,
उत्तरासाठी कोण थांबतंय.
मास्तरांचं कन्नड बेताचं.
बसची पाटी, वांग्यांचा भाव.
खोटं बोलण्याइतकं नव्हतं.
"इल्ला," ते म्हणाले,
आणि स्वतःच दचकले.

कुणी काही बोललं नाही.
बसलिंगप्पानं भाकरी मोडली,
माझा झुणका, त्याची शेंगाचटणी,
जुन्या प्रूफवरच वाढलं.
मास्तर सावकाश जेवले.
मध्येच थांबून घासाखालची
एक चुकलेली वेलांटी बोटानं दाखवली मला,
मग परत जेवायला लागले.

बत्तिसावं हस्तलिखित श्रावणात आलं.
पान एक्केचाळीस. पिवळा डाग, अंगठ्याएवढा.
त्याच्या शेजारी:
"भाकरी संपवून, हात धुऊन, हेरंब उठला."
मी दोरा सोडला.
जुनी अक्षरं कोपऱ्यात राहून काळी पडलेली,
घरात परत जाईनात.
नवी ओळ फुगली, परिच्छेद सरकला,
सगळा फर्मा पुन्हा बांधावा लागला,
मालक कागदाच्या नावानं दिवसभर कुरकुरले.
खुनी दीड पान उशिरा सापडला.
सापडला मात्र.